रेनडिअरचे वैर थंडीशी नाही

महाबळेश्वरास वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले किंवा निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरला, की आपल्या वृत्तपत्रांत त्याची बातमी होते. शेकोट्या पेटतात, कानटोप्या बाहेर निघतात, द्राक्षबागाईतदार चिंतेत पडतो. अशा हवेत वाढलेल्या आपणांस उत्तर ध्रुवाकडील प्रदेशातील थंडीची नुसती कल्पना करणेही कठीण. तेथे पारा शून्याखाली तीस, कधी चाळीस अंशांपर्यंत उतरतो. ऐन हिवाळ्यात सूर्य कित्येक आठवडे क्षितिजावर येत नाही. आणि वर्षातील बहुतेक महिने जमीन बर्फाखाली दडलेली असते. त्या उजाड, पांढऱ्या मैदानात उघड्यावर उभा असलेला रेनडिअर चित्रात पाहिला, म्हणजे आपल्या मनात प्रथम उमटते ती दया. बिचारा कसे दिवस कंठत असेल, असे आपण म्हणतो.

ही दया भलत्याच ठिकाणी खर्च होते, असे माझे मत आहे. रेनडिअर आपल्या सहानुभूतीस पात्र आहेच. आजच्या काळात तर पूर्वीपेक्षा अधिक आहे. परंतु थंडीबद्दल त्याची कीव करणे म्हणजे पाण्यात भिजतो म्हणून माशाची कीव करण्यासारखे होय. त्याच्यावरचे संकट अगदी निराळ्या दिशेने आलेले आहे, आणि ते ओळखावयाचे तर या प्राण्याची थंडीशी किती जुनी व किती दाट मैत्री आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

रेनडिअर हा हरणाच्या कुळातील प्राणी. युरोप व आशिया यांच्या उत्तर टोकास तो रेनडिअर म्हणून ओळखला जातो. उत्तर अमेरिकेत त्याच्याच जातीच्या रानटी कळपांना कॅरिबू म्हणतात. या कुळातील इतर जातींत शिंगे केवळ नरास असतात. रेनडिअरच्या मादीसही ती असतात. आणि यामागे नुसती शोभा नाही. नराची शिंगे शरद ऋतूतील झुंजींसाठी असतात व हिवाळ्याच्या आरंभीच ती गळून पडतात. मादीची शिंगे मात्र वसंतात पाडस जन्मास येईपर्यंत टिकून राहतात. भर हिवाळ्यात बर्फ उकरून तिने चाऱ्यासाठी खड्डा केला आणि एखादा आडदांड नर तो बळकावण्यास आला, तर त्या वेळी शिंगे असतात ती मादीजवळ, नराजवळ नव्हेत. पोटात गर्भ वाढवणाऱ्या मादीच्या वाट्याचा घास असा राखला जातो. नाताळच्या भेटकार्डांवर घसरगाडी ओढणारे शिंगाळे रेनडिअर रंगवलेले असतात. डिसेंबरच्या अखेरीस इतकी डौलदार शिंगे म्हणजे त्या बहुधा माद्याच असाव्यात, अशी गंमत यावरूनच सांगितली जाते.

आता त्याचे पांघरूण पाहू. रेनडिअरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आत मऊ, दाट लोकर आणि तिच्यावर लांब, राठ केस. या वरच्या केसांच्या आत हवेने भरलेले सूक्ष्म कप्पे असतात. कोंडलेली हवा उष्णतेस बाहेर जाऊ देत नाही, हे आपण विज्ञानाच्या पुस्तकात शिकतो. रेनडिअरच्या पाठीवर ते प्रत्यक्ष पाहावयास मिळते. त्याच्यावर पडलेला बर्फ पुष्कळदा वितळतसुद्धा नाही, कारण आतील ऊब केसांच्या टोकापर्यंत पोचतच नाही. हाच पोकळ केसांचा झगा नदी ओलांडताना तराफ्यासारखा उपयोगी पडतो, व प्राणी पाण्यावर चांगला तरंगतो. शास्त्रज्ञांनी मोजून पाहिले, तेव्हा असे आढळले की नॉर्वेतील प्रौढ रेनडिअरला हिवाळ्यात उणे तीस अंशांपर्यंत शरीर ऊबदार ठेवण्यासाठी काहीही जास्तीचे इंधन जाळावे लागत नाही. त्याच्याही उत्तरेस स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे. तेथील आखूड पायांच्या, गोलमटोल रेनडिअरसाठी ही मर्यादा उणे पन्नासच्या आसपास जाते. ज्या हवेत उघड्यावर उभे राहिल्यास माणसाचे प्राण संकटात यावेत, त्या हवेत हा प्राणी स्वस्थ बसून रवंथ करतो.

परंतु अंगावर कितीही जाड पांघरूण घेतले, तरी श्वास घ्यावाच लागतो आणि पाय उघडेच राहतात. ऊब निसटून जाण्याच्या या दोन वाटा रेनडिअरच्या शरीराने कशा अडवल्या आहेत, हे पाहिले म्हणजे मन थक्क होते. त्याच्या नाकपोकळीत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असून त्यांवर रक्तवाहिन्यांनी भरलेली ओलसर त्वचा असते. आत येणारी गोठलेली हवा या वळणांतून जाताना तापते व फुप्फुसांत पोचेपर्यंत शरीराइतकी उष्ण होते. बाहेर जाणारी हवा त्याच वाटेने परतताना आपली उष्णता नाकाला देऊन टाकते आणि थंड होऊन बाहेर पडते. हवा थंड झाली की तिच्यातील बाष्पही आतच ठिबकते. यामुळे ऊब वाचते आणि पाणीही वाचते. पाण्याची बचत येथे लहानसहान बाब नव्हे. कारण हिवाळ्यात पाणी म्हणजे बर्फ खाणे, आणि पोटात बर्फ वितळवावयाचा तर पुन्हा ऊबच खर्च करावयाची.

पायांची रचनाही अशाच हिशेबाची. पायाकडे जाणाऱ्या उष्ण रक्ताच्या वाहिन्या आणि पायाकडून परतणाऱ्या थंड रक्ताच्या वाहिन्या एकमेकींस लगटून असतात. जाणारे रक्त आपली उष्णता वाटेतच येणाऱ्या रक्ताच्या हवाली करते. परिणामी शरीराच्या आत अडतीस-एकोणचाळीस अंश तापमान असताना पायाच्या खालच्या भागात ते नऊ-दहा अंशांवर उतरू शकते. इतक्या थंडपणात साधी चरबी थिजून घट्ट होईल. पण रेनडिअरच्या पायातील चरबी निराळ्या जातीची असते व ती मऊच राहते. खुरांची तऱ्हा याहूनही विलक्षण आहे. उन्हाळ्यात जमीन दलदलीची असते, तेव्हा खुरांखालील गाद्या फुगून मऊ होतात. हिवाळा येताच त्या आक्रसतात, कठीण होतात आणि खुरांची धारदार कड बाहेर येते. हीच कड बर्फावर पकड घेते व बर्फ खणण्याचे फावडेही होते. एकाच पावलाला ऋतूप्रमाणे दोन पादत्राणे मिळाली आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही.

रात्री बैलाच्या किंवा मांजराच्या डोळ्यांवर कंदिलाचा उजेड पडला की ते चमकतात. डोळ्याच्या मागील बाजूस आरशासारखा एक थर असतो, त्याचा हा परिणाम. रेनडिअरच्या डोळ्यातील हा थर उन्हाळ्यात सोनेरी असतो व हिवाळ्याच्या दीर्घ अंधारात निळा होतो. २०१३ साली शास्त्रज्ञांनी हे प्रसिद्ध केले. निळा झालेला थर मंद उजेडाचा अधिक उपयोग करून घेतो. शिवाय मनुष्यास न दिसणारे अतिनील किरण रेनडिअरला जाणवतात. बर्फ हे किरण परतवतो, पण ज्या वनस्पतींवर रेनडिअर जगतो त्या ते शोषून घेतात. म्हणून आपणांस जेथे सगळीकडे पांढरेच पांढरे दिसेल, तेथे त्याला आपला चारा काळसर उठून दिसतो.

हा चारा कोणता, हे सांगितल्यास अनेकांना आश्चर्य वाटेल. आपल्या घरी गोड्या मसाल्यात घालतात ते दगडफूल सर्वांनी पाहिलेले असते. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. रेनडिअरचे हिवाळी अन्न याच वर्गातील, मात्र निराळ्या जातींचे असते. जमिनीवर पांढरट, फांद्याफांद्यांच्या गुच्छांसारखे ते वाढते. दुसरे काही हिरवे जेथे टिकत नाही तेथे ते टिकते. पण त्याची वाढ इतकी संथ, की वर्षाकाठी काही मिलीमीटर पुरे. एकदा चरून उजाड झालेली जागा पूर्ववत होण्यास दशके लागतात. त्यात पिष्ट पुष्कळ, परंतु प्रथिने अगदी थोडी. अशा चाऱ्यावर हिवाळा काढावयाचा म्हणून रेनडिअरचे शरीर काटकसरीने वागते. समोर भरपूर चारा टाकला तरी हिवाळ्यात तो उन्हाळ्याइतका खात नाही. वाढ थांबते, वजन उतरते, शरद ऋतूत साठवलेली चरबी हळूहळू वापरली जाते. मग मे महिन्याच्या सुमारास, पुष्कळदा बर्फ अजून अंगणात असतानाच, सुमारे पाच किलो वजनाचे पाडस जन्मास येते. आईच्या दुधात वीस टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो. आपल्या म्हशीच्या दुधात तो सात टक्क्यांच्या जवळपास असतो, आणि तरीही त्या दुधाच्या दाटपणाचे आपणांस केवढे कौतुक!

इतके सांगितल्यावर मूळ मुद्द्याकडे येतो. नॉर्वे, स्वीडन व फिनलंड यांच्या उत्तर भागात आणि रशियाच्या कोला द्वीपकल्पात सामी नावाचे लोक राहतात. रेनडिअरचे कळप राखणे हा त्यांच्यातील अनेक घराण्यांचा पिढीजात व्यवसाय आहे. उत्तर नॉर्वेतील सामी आपले कळप उन्हाळ्यात समुद्रकिनाऱ्याकडे नेतात आणि हिवाळ्यासाठी आत, कौतोकैनोसारख्या पठारी मुलखाकडे आणतात. आता नकाशा पुढे घेऊन विचार करावा. नॉर्वेच्या किनाऱ्यास अटलांटिक महासागरातील उष्ण प्रवाहामुळे हिवाळा सौम्य असतो. आतील पठारावर मात्र थंडी कडाक्याची, अगदी उणे चाळीस अंशांपर्यंतची. ज्यास थंडीचे भय असेल तो हिवाळ्यात पठार सोडून किनाऱ्यावर येईल. हे लोक, आणि हे प्राणी, याच्या नेमके उलट करतात. ऊबदार किनारा सोडून ते थंडीच्या मुलखात हिवाळा काढावयास जातात!

याचे कारण थंडीच्या मात्रेत सापडणार नाही. ते बर्फाच्या जातीत आहे. पठारावरील हवा कोरडी असल्यामुळे तेथे पडणारे हिम भुसभुशीत राहते. रेनडिअर त्यात नाक खुपसून खालच्या चाऱ्याचा वास घेतो आणि खुरांनी ते सहज उकरतो. किनाऱ्यावर हिवाळ्यात पारा शून्याच्या खालीवर होत असतो. हिम ओले होते, पुन्हा गोठते, घट्ट बसते. सामी भाषेत बर्फाच्या निरनिराळ्या अवस्थांसाठी शब्दांचा मोठा साठा आहे, याचे बाहेरच्या लोकांस केवळ नवल वाटते. मला त्या शब्दसंग्रहात कविकल्पनेपेक्षा शेतकऱ्याचा व्यवहार अधिक दिसतो. आपल्या शेतकऱ्याजवळ पावसासाठी झड, सर, भुरभुर, वळीव असे शब्द असतात, कारण प्रत्येकाचा पिकावर होणारा परिणाम निराळा. त्याचप्रमाणे सामींचा एक शब्द आहे ‘गुओह्तुन’. बर्फातून कळपाला कितपत चरता येईल, ही सारी स्थिती त्या एका शब्दात येते. जमिनीला चिकटून बसलेल्या बर्फाच्या कठीण थरासाठी निराळा शब्द आहे, ‘चुओह्की’. तो शब्द ऐकला की राखण करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

हा कठीण थर कसा होतो? भर हिवाळ्यात एखाद्या दिवशी अवेळी ऊब येते आणि हिमाऐवजी पाऊस पडतो. पाणी भुसभुशीत हिमातून झिरपत जमिनीपर्यंत जाते. मागाहून नेहमीची थंडी परतते, व ते सारे पाणी गोठून चाऱ्यावर काचेसारखे झाकण बसते. चारा तेथेच असतो, जेमतेम वीतभर खाली. पण खुरांनी तो फुटत नाही आणि त्याचा वासही वर येत नाही. थंडीने ज्याचे काही बिघडवले नाही, तो प्राणी अन्नावर उभा राहून उपाशी मरतो.

ही भीती काल्पनिक नाही. रशियाच्या उत्तरेस यामाल नावाचे द्वीपकल्प आहे. तेथील नेनेत्स लोक आपल्या कळपांबरोबर शेकडो किलोमीटरचा प्रवास दर वर्षी करतात. २००६ च्या नोव्हेंबरात तेथे बर्फावर पाऊस पडला व सुमारे २०,००० रेनडिअर मेले. २०१३ च्या नोव्हेंबरात पुन्हा तसेच झाले. वसंतापर्यंत जमीन कवचाखाली राहिली आणि त्या हिवाळ्यात सुमारे ६१,००० रेनडिअर उपासमारीने गेले. ज्या कुटुंबांचे जवळजवळ सारे धन गेले, त्यांना कळप पुन्हा उभा राहीपर्यंत मासेमारीवर गुजराण करावी लागली. बॅरेंट्स व कारा या समुद्रांवरील बर्फाचे आच्छादन कमी झाल्याने हवेत बाष्प वाढते, आणि त्यातून असे पाऊस येतात, असा संबंध शास्त्रज्ञांनी दाखवला आहे. १९७९ पासूनच्या नोंदी पाहता पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने उत्तर ध्रुवप्रदेश तापला आहे. तेव्हा अवेळी पाऊस ही आता शंभर वर्षांतून एकदा येणारी आपत्ती राहिलेली नाही.

स्वालबार्डची गोष्ट आपणांस थोडी अधिक जवळची आहे. तेथील न्यू-ओलेसुंड या ठिकाणी २००८ पासून ‘हिमाद्री’ हे भारताचे संशोधनस्थानक आहे. गोव्यात वास्को येथे असलेले राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र त्याची व्यवस्था पाहते. हे स्थानक ज्या द्वीपकल्पावर आहे, तेथून रेनडिअर शिकारीमुळे पूर्वीच नाहीसे झाले होते. १९७८ साली तेथे सुमारे एक डझन रेनडिअर पुन्हा आणून सोडण्यात आले. लांडगा तेथे नाही आणि कुरणे चरली गेलेली नव्हती. पंधरा वर्षांत त्यांची संख्या साडेतीनशेच्या वर गेली. मग १९९३-९४ चा हिवाळा आला, कुरणांवर बर्फाचे कवच चढले, आणि वसंतात मोजले तेव्हा शंभरही उरले नव्हते.

येथे कोणी असा आक्षेप घेईल, की हवा तापली तर उन्हाळाही लांबेल, गवत अधिक उगवेल, आणि त्यात रेनडिअरचे हितच नाही काय? आक्षेप पोकळ नाही. स्वालबार्डच्या आतील काही दऱ्यांत खरोखरच रेनडिअरांची संख्या वाढली आहे. परंतु त्याच बेटांवर वर्षानुवर्षे वजने घेणाऱ्या शास्त्रज्ञांस असे आढळले, की १९९४ साली जन्मलेल्या प्रौढ माद्यांचे हिवाळ्यातील वजन सरासरी ५५ किलो भरत होते, ते २०१० साली जन्मलेल्यांत ४८ किलोवर आले. उन्हाळी गवतावर तोंडे वाढली, आणि हिवाळ्यात बंद झालेल्या कुरणावर त्या सर्वांना भागवावे लागले. तोंडे वाढणे हे नेहमीच समृद्धीचे चिन्ह नसते, एवढे तरी यावरून मान्य करावे लागेल. शिवाय खुद्द उन्हाळ्याची ऊब या प्राण्यास मानवत नाही. जे पांघरूण उणे तीस अंशांत त्याला सांभाळते, तेच गरम दिवशी ओझे होते. तो धापा टाकतो. डास व माश्या यांच्या थव्यांना कंटाळून डोंगरावर उरलेल्या बर्फाच्या पट्ट्यांवर जाऊन उभा राहतो. चरावयाचे दिवस असे उभ्यानेच जातात.

मग पूर्वी असे वाईट हिवाळे कधी आलेच नाहीत काय? आले होते. त्या वेळी कळपांजवळ आणि राखण करणाऱ्यांजवळ एक उपाय असे. तो म्हणजे जागा बदलणे. एका दरीत कवच बसले तर दुसरीत जावयाचे. उघडे मैदान बंद झाले तर जुन्या अरण्यात शिरून झाडांवर लोंबणारे दगडफूल खावयाचे. रेनडिअरच्या जगण्यात केसांइतकेच आणि खुरांइतकेच महत्त्व या मोकळ्या वाटांना आहे, असे मी मानतो. ती वाट नसेल तर काय होते, हे बेरिंग समुद्रातील सेंट मॅथ्यू बेटाने दाखवले. १९४४ साली, महायुद्धाच्या काळात, तेथे नेमलेल्या माणसांना अडीअडचणीस अन्न व्हावे म्हणून अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २९ रेनडिअर सोडले. लवकरच युद्ध संपले, माणसे निघून गेली, प्राणी राहिले. १९५७ साली ते १,३५० होते, १९६३ साली ६,०००. तोपर्यंत त्यांनी बेटावरील दगडफुलाचे गालिचे खाऊन संपवले होते. १९६३-६४ चा हिवाळा फार कठोर आला. १९६६ मध्ये तेथे ४२ जिवंत रेनडिअर आढळले, आणि पुढे तेही संपले. कठोर हिवाळे या जातीने हजारो पाहिले आहेत. येथे मात्र पाठीशी चारा नव्हता आणि चहूबाजूंनी समुद्र होता.

आज खंडांच्या भूमीवरही मनुष्याने अशीच बेटे करून टाकली आहेत. रस्ते, लोहमार्ग, धरणे, खाणी, नळवाहिन्या यांनी कळपांच्या वाटा तोडल्या आहेत. हा प्रश्न न्यायासनापुढेही गेला. नॉर्वेच्या मध्यभागी फोसेन नावाचा प्रदेश आहे. तेथील सामींच्या हिवाळी कुरणांवर १५१ प्रचंड पवनचक्क्या उभारण्यात आल्या. कळप त्यांच्या जवळपास फिरकत नाहीत, म्हणजे कुरण गेल्यासारखेच, असे सामींचे म्हणणे होते. खालच्या न्यायालयाने हिवाळ्यात जनावरांना बंदिस्त जागी वैरण घालता येईल, असे गृहीत धरून तिचा खर्च भरपाईदाखल ठरवला. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग नाकारला आणि परवाने अवैध ठरवले. अल्पसंख्य समाजास आपली संस्कृती आचरण्याचा जो आंतरराष्ट्रीय हक्क आहे, त्याचा येथे भंग झाला, असा निकाल एकमताने दिला.

पवनचक्क्या वाईट आहेत, असे मी म्हणत नाही. कोळसा व तेल कमी जाळावयाचे तर वाऱ्याची वीज हवीच, आणि हवा तापण्याचे थांबले तर रेनडिअरलाही ते हवेच आहे. पण तापणाऱ्या हवेवरचा उपाय म्हणून, तापत्या हवेने ज्याला आधीच अडचणीत टाकले आहे त्याचीच शेवटची पर्यायी जागा घ्यावी, ही गोष्ट मला न्यायाची वाटत नाही. वैरण घालून काम भागेल, हा युक्तिवाद तर त्याहून लंगडा. वाईट हिवाळ्यात सामी स्वतःच ट्रकांनी वैरण आणून कळप वाचवतात. त्यात पदरचा पैसा जातो, आणि दगडफुलास सरावलेल्या पोटांना ती एकाएकी मानवतही नाही. शिवाय गोठ्यात बांधून पोसलेल्या कळपाच्या पाडसांना चालण्याच्या वाटा शिकवणार कोण?

फोसेनच्या पवनचक्क्या निकालानंतरही फिरतच राहिल्या. निकालास पाचशे दिवस होऊन गेले, तेव्हा २०२३ च्या फेब्रुवारीअखेर सामी तरुण-तरुणी ओस्लो येथे ऊर्जाखात्याच्या कार्यालयात जाऊन बसले; मार्चच्या आरंभी नॉर्वेच्या पंतप्रधानांनी क्षमा मागितली. डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण फोसेनच्या आणि मार्च २०२४ मध्ये उत्तर फोसेनच्या रेनडिअरपालकांशी तडजोड झाली. पवनचक्क्या जागच्या जागी राहिल्या. त्यांच्या मोबदल्यात भरपाईची रक्कम आणि हिवाळ्यासाठी अधिक कुरणाची तजवीज ठरली. ते कुरण कळपांना कितपत मानवते, हे तेथे पडणाऱ्या हिमावर, आणि त्याच्यावर पाऊस पडतो की नाही, यावर अवलंबून राहील.